घोडेस्वाराची बंदूक आणि इतिहासाची साक्ष



खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची पूजा होते. ज्या घरात पूर्वजांची एखादी तलवार, कट्यार किंवा भाल्याचे पाते उरले आहे, त्या घरी ते आदल्या दिवशी माळ्यावरून खाली उतरते, चिंचेने आणि राखेने घासले जाते आणि लखलखीत होऊन पाटावर बसते. घरातल्या वडील माणसांना ते पाहून धन्यता वाटते. आज आम्ही जे सांगणार आहोत ते ऐकून त्या धन्यतेला थोडा धक्का बसेल, याची आम्हांला कल्पना आहे. जुने शस्त्र असे घासणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे. पण ते नुसते सांगून पटावयाचे नाही. म्हणून आपल्या परिचयाची तलवार बाजूला ठेवून आम्ही आपल्याला एका परक्या शस्त्राकडे नेतो. एकोणिसाव्या शतकातील घोडेस्वारांच्या बंदुका जमवण्याचा छंद अमेरिकेत आणि इंग्लंडात पुष्कळांना आहे. या छंदाने इतिहासाच्या अभ्यासाला काय दिले, आणि त्यातून आपण काय घ्यावे, हा आजचा विषय.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. ठासणीची बंदूक आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सोडायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची, मग मागे टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. याच्या उलट जी बंदूक नळीच्या बुडाकडून, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या गालाजवळून भरता येते, ती ब्रीच-लोडर. दुसरा शब्द कार्बाइन. हा आपल्याला अगदीच नवा नाही. आखूड नळीच्या बंदुकीला आपल्याकडे कडाबीन म्हणत, तो याच घराण्यातला. घोडेस्वाराला लांब बंदूक वागवता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी नळी आखूड केली, वजन कमी केले, आणि बंदुकीच्या डाव्या अंगाला एक कडी बसवली. खांद्यावरून तिरक्या टाकलेल्या रुंद चामडी पट्ट्याचा आकडा त्या कडीत अडकवायचा, म्हणजे स्वाराच्या हातून बंदूक सुटली तरी ती खाली पडत नसे.

आता ठासणीची बंदूक घोड्यावर बसून भरण्याचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. एका हातात लगाम, मांडीखाली बिथरलेले जनावर, नळीचे तोंड वर धरायचे, त्यात दारू ओतायची आणि गज चालवायचा! गज हातातून निसटला तर बंदुकीची काठीच झाली म्हणायची. पायदळाचे शिपाई जमिनीवर उभे राहून हेच काम करीत, आणि त्यांचीसुद्धा काय त्रेधा उडे याचा एक पुरावा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग येथे तीन दिवस लढाई झाली. रणांगणावर टाकून दिलेल्या बंदुका लष्कराने गोळा करून मोजल्या, त्या २७,५७४ भरल्या. त्यांपैकी सुमारे २४,००० भरलेल्याच होत्या. निम्म्यांत दोन-दोन बार होते, आणि एका बंदुकीत तर २३ बार एकावर एक ठासलेले निघाले. शिपाई ठासत होता, पण बार उडत नव्हता, आणि त्या गदारोळात हे त्याच्या ध्यानातही येत नव्हते. या भयाचे वर्णन किती शिपायांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले असेल? लोखंडाच्या नळीने मात्र ते जपून ठेवले. वस्तू साक्ष देते असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

बंदूक बुडाकडून भरावी, ही कल्पना सुचायला अवघड नव्हती. अडचण होती ती निराळीच. प्रेशर कुकरच्या रबरी कड्याला चीर गेली म्हणजे वाफ कशी फुसफुसत बाहेर येते, हे आपल्या भगिनींना सांगावयास नको. बंदुकीच्या बुडाला उघडझाप करणारे दार केले की त्या फटीतून दारूचा तप्त वायू असाच बाहेर येई, आणि तो थेट स्वाराच्या तोंडावर. गोळीचा जोर कमी होई तो वेगळाच. ही फट बंद कशी करावी, या एकाच प्रश्नाभोवती पन्नास वर्षांचा इतिहास फिरला आहे. संग्राहकाच्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या कार्बाइनी ही त्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत. काही बरोबर, बरीचशी अर्धवट.

पहिले नामांकित उत्तर जॉन हॉल या अमेरिकन कारागिराचे. त्याने १८११ साली पेटंट घेतले. त्याच्या बंदुकीत बुडाकडचा तुकडा बिजागरीवर वर उचलला जाई, त्यात दारू-गोळी भरायची आणि तो पुन्हा खाली दाबायचा. अमेरिकेने १८३३ मध्ये घोडदळाची नवी पलटण उभारली, तेव्हा तिच्यासाठी याच जातीची कार्बाइन निवडली. गारेच्या ठिणगीऐवजी टोपीवर चालणारे त्या लष्कराचे हे पहिले हत्यार. सांध्यातून वायू गळे तो गळेच. पण हॉलने एक गोष्ट मोठी केली. बंदुकीचा प्रत्येक भाग मापात असा तंतोतंत बनवायचा, की एका बंदुकीचा तुकडा दुसरीत नेमका बसावा. हॉल हार्पर्स फेरीला आणि सिमियन नॉर्थ कनेटिकटात, असे शेकडो मैलांवर बसून या दोघांनी केलेले भाग १८३० नंतरच्या दशकात एकमेकांशी जुळू लागले. पुढे शिवणयंत्रापासून सायकलीपर्यंत जो कारखानदारीचा पसारा झाला, त्याच्या मुळाशी असलेल्या प्रयोगांत ही गळकी कार्बाइन आहे. त्या काळचे स्वार तिचा उचलता येणारा तुकडा काढून खिशात पिस्तुलासारखा बाळगीत, असेही सांगतात. शिपाई कुठलाही असो, वस्तूचा उपयोग करणाराला सुचतो तो बनवणाराला सुचत नाही!

दुसरे उत्तर ख्रिश्चन शार्प्स याचे, १८४८ सालचे. चापाभोवतीची कडी खाली ओढली की बुडाशी असलेला पोलादी ठोकळा सरळ खाली सरके. कागदी किंवा तागाच्या कापडात गुंडाळलेले काडतूस आत सारायचे आणि कडी वर ओढायची. ठोकळा वर येताना त्याची धार काडतुसाचे शेपूट कापी आणि दारू उघडी पडे. रचना मजबूत आणि साधी, म्हणून यादवी युद्धात उत्तरेकडील सरकारने या कार्बाइनी सुमारे ८०,००० घेतल्या.

तिसरे उत्तर अँब्रोझ बर्नसाइडचे. त्याने शंकूच्या आकाराचे पितळी काडतूस केले. दारू पेटली की पितळ फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसे आणि फट आपोआप बंद होई. फट बुजवायची ती लोखंडाने नव्हे, काडतुसाने, ही खरी गुरुकिल्ली. बिचारा बर्नसाइड मात्र पेटंटाचे हक्क युद्धापूर्वीच सावकारांच्या हवाली करून बसला होता. पुढे तो सेनापती झाला, फ्रेडरिक्सबर्गला डिसेंबर १८६२ मध्ये मोठा पराभव पत्करून बसला, आणि गालांवरच्या भरघोस कल्ल्यांना इंग्रजीत त्याचे नाव उलटेसुलटे होऊन चिकटले, तेवढेच त्याचे स्मारक. एडवर्ड मेनार्ड हा धंद्याने दंतवैद्य. त्यानेही पितळी काडतूस काढले. गिल्बर्ट स्मिथच्या कार्बाइनीचे काडतूस तर रबराचे होते! शेवटी ख्रिस्तोफर स्पेन्सरने १८६० साली पेटंट घेतलेल्या बंदुकीत दस्त्याच्या पोकळीत सात काडतुसे एकामागे एक ठेवण्याची सोय केली. त्यांच्या बुडातच पेट घेणारा मसाला असल्याने निराळी टोपी बसवायला नको. ऑगस्ट १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ही बंदूक स्वतः चालवून पाहिली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

या सगळ्या उत्तरांचा एक परिणाम असा झाला, की एकाच सैन्यात डझन-दीड डझन जातींच्या कार्बाइनी आल्या आणि प्रत्येकीचे काडतूस निराळे. कोणत्या पलटणीला कोणती पेटी धाडायची, या हिशेबात कोठारावरच्या कारकुनांची काय दैना झाली असेल, हे सांगायला नको. संग्राहकाला मात्र हीच विविधता पर्वणी वाटते.

परंतु शस्त्राचा इतिहास हा केवळ कारागिरांचा इतिहास नसतो, पैशाचाही असतो. १८६१ सालची गोष्ट घ्या. अमेरिकन सरकारने हॉलच्या सुमारे ५,००० जुन्या कार्बाइनी निकामी ठरवून नगाला साडेतीन डॉलर या दराने एका व्यापाऱ्याला विकल्या. त्याने त्या साडेबारा डॉलरला दुसऱ्याला देण्याचे ठरवले. मधल्या रकमेचे कर्ज दिले ते चोवीस वर्षांच्या एका तरुण सावकाराने. त्याचे नाव जे. पी. मॉर्गन. दुसऱ्याने त्यांच्या नळ्यांत आटे पाडण्यासाठी नगामागे पाऊण डॉलर खर्च केला, आणि सेंट लुईसला असलेल्या जनरल फ्रीमाँटला नगाला बावीस डॉलर दर सांगितला. म्हणजे ज्या सरकारने त्या विकल्या त्याच सरकारच्या सेनापतीने त्या सहापट किमतीने घेतल्या. पुढे चौकशी झाली, कोर्टकचेरी झाली. आज एखाद्या संग्राहकाच्या हाती हॉलची कार्बाइन येते आणि तिच्या मूळच्या गुळगुळीत नळीत मागाहून पाडलेले आटे दिसतात, तेव्हा तो या प्रकरणाची आठवण काढल्याशिवाय राहत नाही. त्या आट्यांत लबाडीचा एक अध्याय कोरलेला असू शकतो.

युद्ध संपले तेव्हा १८६५ मध्ये सरकारने घरी जाणाऱ्या सैनिकांना आपापली हत्यारे विकत घेण्याची मुभा दिली. स्पेन्सर कार्बाइन दहा डॉलरना, इतर कार्बाइनी आठ डॉलरना. कित्येकांनी त्या घरी नेल्या, खुंटीला टांगल्या, कोल्हे-ससे मारण्यास वापरल्या. उरलेला प्रचंड साठा सरकारने हळूहळू विकला. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटताच त्यातल्या हजारो फ्रान्सने घेतल्या. सुमारे ३१,००० शार्प्स कार्बाइनी १८६७ ते १८६९ या काळात नव्या धातूच्या काडतुसासाठी कारखान्यात बदलून घेण्यात आल्या. फ्रान्सिस बॅनरमन नावाचा व्यापारी लष्कराचा जुना माल लिलावात घेई आणि छापील यादीवरून टपालाने विकी. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धानंतर त्याच्याकडे इतका माल साचला, की शहरात दारूगोळा ठेवणे धोक्याचे झाले. १९०० साली त्याने हडसन नदीतले एक बेट विकत घेतले आणि त्यावर किल्ल्यासारखी वखार बांधली. १९२० मध्ये तिथे मोठा स्फोट झाला. तिचे पडके अवशेष उरले आहेत. अमेरिकेतल्या अनेक जुन्या संग्रहांची सुरुवात असल्या याद्यांवरून चार-दोन डॉलर धाडूनच झाली. कुणाला मोडीत सापडले, कुणाला आजोबांच्या कोठारात. छंद म्हणजे श्रीमंतांचा खेळ, ही समजूत निदान त्या काळी खरी नव्हती.

आता संग्राहक बंदूक हातात घेतो तेव्हा पाहतो काय? आपल्याला वाटेल, त्याला चकाकी हवी असते. जाणता संग्राहक चकाकीला भितो. तो दस्त्याच्या डाव्या बाजूचे लाकूड उजेडात तिरपे धरतो. बंदूक पसंत करून घेताना लष्करी तपासनीस आपल्या आद्याक्षरांचा शिक्का त्या लाकडात उठवीत. वर सांगितलेल्या बदललेल्या शार्प्सवर डी. एफ. सी. ही अक्षरे फितीच्या आकाराच्या चौकटीत असतात. आता समजा, असा शिक्का असलेला दस्ता जुन्या टोपीच्या रचनेच्या बंदुकीला लावलेला दिसला. मग तो दस्ता दुसऱ्या बंदुकीचा, किंवा कुणीतरी बंदुकीला मागाहून ‘जुनी’ केली, असा संशय घ्यावा लागतो. कडीच्या घासण्याने डाव्या अंगावर पडलेली झीज, खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर आडवी ठेवून ठेवून खालच्या लाकडाला पडलेला खोलगट पट्टा, ही त्या न दिसणाऱ्या स्वाराची सही असते. कागदावरचे नाव खोटे लिहिता येते. अशी वर्षानुवर्षांची झीज खोटी करणे फार कठीण.

कठीण, पण अशक्य नव्हे. आणि जिथे किंमत आहे तिथे लबाडी आलीच. दक्षिणेकडील बंडखोर राज्यांनी रिचमंड शहरात शार्प्सची नक्कल केली होती. ती सुमारे ५,००० च निघाली, म्हणून तिची किंमत अस्सल शार्प्सहून अधिक. तेव्हा अस्सल शार्प्सवरची अक्षरे कानशीने घालवून तिची ‘नक्कल’ बनवणारे महाभाग निपजले. खऱ्याचे खोटे करून ते खऱ्यापेक्षा महाग विकायचे, असा हा उलटा व्यापार! लांब बंदुकीची नळी कापून तिची कार्बाइन करणे हा दुसरा प्रकार. तिसरा प्रकार मात्र लबाडीचा नसून प्रेमाचा आहे, आणि नुकसान त्यानेच सर्वांत जास्त केले आहे. घरी आलेली जुनी बंदूक पॉलिश-कागदाने घासायची, लाकडाला नवे रोगण द्यायचे, गंजलेला स्क्रू काढून नवा घालायचा. लाकूड घासताच शिक्का गेला, लोखंड घासताच आकडे पुसट झाले. बंदूक देखणी झाली आणि मुकी झाली.

मुकी झाली म्हणजे काय, आणि बोलती राहिली असती तर काय सांगितले असते, याचे एक उदाहरण देतो. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी कस्टर हा अमेरिकन अधिकारी आपल्या हाताखालच्या पाच तुकड्यांसह सू आणि शायन या मूळ रहिवाशांच्या योद्ध्यांशी लढताना मारला गेला. त्या तुकड्यांपैकी लढाईची हकीकत सांगायला कुणी उरले नाही. विजेत्यांनी आपली हकीकत सांगितली, पण गोऱ्या लेखकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. कस्टरच्या स्वारांजवळ १८७३ च्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड कार्बाइन होती. तिच्या बुडाला वर उघडणारी झडप, एका वेळी एक काडतूस, आणि काडतुसाची पुंगळी तांब्याची. पुंगळ्या तापून आत अडकल्या, सैनिक सुरीने त्या उपसत बसले आणि म्हणून हरले, अशी एक कथा रूढ झाली. दोष माणसांचा नव्हता, बंदुकीचा होता, हे मानणे अनेकांना सोयीचे होते.

ऑगस्ट १८८३ नव्हे, १९८३ मध्ये, म्हणजे शंभरावर वर्षांनी, त्या माळावर वणवा लागला आणि गवत जळून जमीन उघडी पडली. १९८४ आणि १९८५ मध्ये डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स वगैरे पुरातत्त्वज्ञांनी तिथे शोध घेतला. धातुशोधक यंत्रांनी एकेक पुंगळी आणि गोळी शोधून तिची जागा नकाशावर टिपली. नंतर खुनाच्या तपासात पोलीस वापरतात तीच रीत त्यांनी वापरली. बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडावर आपटते तेव्हा जो ठसा उठतो, तो त्या एकाच बंदुकीचा असतो. त्यामुळे एकच बंदूक माळावर कुठून कुठे गेली, ते पुंगळ्यांवरून कळू लागले. सुरीने उपसल्याच्या खुणा अगदी थोड्या पुंगळ्यांवर निघाल्या. उलट भराभर बार काढणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर बंदुका योद्ध्यांजवळ किती होत्या, हे उघड झाले. त्यांनी सांगितलेली हकीकत शंभर वर्षांनी तांब्या-पितळेच्या पुंगळ्यांनी उचलून धरली.

याहून पुढची गोष्ट तर संग्राहकांच्या दृष्टीने अधिक मोलाची. एका खाजगी संग्रहातल्या शार्प्स बंदुकीतून काडतूस झाडून तिचा ठसा पाहिला, तो रणभूमीवर सापडलेल्या पुंगळीवरच्या ठशाशी जुळला. ती बंदूक त्या दिवशी तिथे होती, हे सिद्ध झाले. आता कल्पना करा, तिच्या मालकाने हौसेने जुनी पिन काढून चकचकीत नवी बसवली असती तर? बंदूक अधिक चांगली दिसली असती, तिचा बार अधिक खात्रीने उडाला असता, आणि तिची साक्ष कायमची बुडाली असती.

अमेरिकेची गोष्ट येथे संपवून आता इंग्लंडकडे वळू, कारण तिथून वाट आपल्या घरी येते. ब्रिटिश घोडदळानेही नाना प्रयोग केले. वेस्टली रिचर्ड्सच्या कार्बाइनीचा वर उचलायचा दांडा असा वाकडा की शिपायांनी तिला ‘माकडशेपटी’ असेच नाव दिले. सरतेशेवटी १८६६ मध्ये इंग्लंडने अमेरिकन जेकब स्नायडर याची रचना स्वीकारली. जुन्या एनफील्ड बंदुकीचे बूड कापायचे आणि तिथे उजवीकडे उघडणारी झडप बसवायची. जुन्याचे नवे करण्याची ही स्वस्त तोड होती. स्नायडर मात्र त्याच वर्षी कर्जात बुडालेल्या स्थितीत लंडनात वारला. घोडदळासाठी याच जातीची आखूड कार्बाइन झाली. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री बंदूक आली, आणि १८७७ मध्ये तिची घोडदळाची कार्बाइन. तिच्या काडतुसात दारू ८५ ऐवजी ७० ग्रेन भरत, तरीही ती खांद्याला सणसणीत धक्का देई.

या ब्रिटिश बंदुकांवर राणीचा मुकुट, सरकारी मालकीचा बाण आणि बहुधा सालही कोरलेले असते. दोन बाण टोकाला टोक लावून कोरलेले दिसले, की ती बंदूक सरकारने विकून टाकलेली, असे समजावे. आता या खुणांवरून आपला इतिहास कसा वाचता येतो ते पाहा. १८५७ च्या उठावाचे निमित्त एनफील्ड बंदुकीचे काडतूस झाले, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतर काय झाले ते बंदुकाच सांगतात. देशी पायदळासाठी १८५८ पासून एक खास नमुना काढण्यात आला. बाहेरून हुबेहूब एनफील्ड, पण नळी आतून गुळगुळीत, आटे नसलेली. आटे नसले की गोळी फिरत नाही आणि लांबवर नेम लागत नाही. गोऱ्या शिपायाच्या हाती आट्यांची नळी, काळ्या शिपायाच्या हाती गुळगुळीत! पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी पलटणींना त्यांची उतरलेली स्नायडर मिळाली. गोऱ्यांना १८८८ नंतर ली-मेटफर्ड मिळू लागली तेव्हा आपल्या शिपायांच्या वाट्याला मार्टिनी आली. नेहमी एक पायरी खाली.

ज्या मुंबई लष्करात कोकणातले आणि देशावरचे शिपाई भरती होत, त्या लष्कराच्या पलटणी २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला लढल्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. त्या दिवशी त्यांच्याबरोबरच्या गोऱ्या ६६ व्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री होत्या, मुंबईच्या देशी पायदळाजवळ स्नायडर. राज्यकर्त्यांच्या भाषणांत राजनिष्ठ देशी शिपायांचे गोडवे पुष्कळ सापडतील. त्या निष्ठेवर सरकारचा विश्वास कितपत होता, हे पाहायचे असेल तर भाषणे मिटून ठेवावी आणि नळीत बोट घालून आटे आहेत की नाहीत ते चाचपावे. इतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नाही.

उरलेल्या प्रजेला तर हीही भाकर नव्हती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना त्यातून सूट होती. राष्ट्रीय सभेने १८८७ पासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. आपल्या वाड्यांतून जुन्या बंदुका इतक्या कमी का दिसतात, याचे हे मोठे कारण. लोकांनी त्या जमा केल्या, विहिरीत टाकल्या, लोहाराकडे मोडीत घातल्या. जेथे असले बंधन नव्हते तिथे काय झाले ते नेपाळात दिसले. काठमांडूच्या एका जुन्या वाड्यात शस्त्रागार होते. तिथे ब्रन्सविक, स्नायडर, मार्टिनी अशा हजारो बंदुका एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. त्या २००३ च्या सुमारास अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेऊन नेल्या, आणि जगभरच्या संग्राहकांच्या घरी गेल्या. आपल्या शेजारघरी शंभर-सव्वाशे वर्षे धूळ खात पडलेले हे भांडार अभ्यासासाठी कुणी आधी पाहिले असते तर, असे आम्हांला अनेकदा वाटते. तसेच खैबर खिंडीकडील कारागिरांनी हाताने केलेल्या नकला. त्यांवर इंग्रजी अक्षरे उलटी कोरलेली असतात, आणि व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारल्यानंतरच्या सालासमोरही तिचीच आद्याक्षरे असतात! बाजारात अशी वस्तू अस्सल म्हणून विकणारा लबाड खरा. पण नक्कल म्हणून ती जपणारा एका कुशल, निरक्षर लोहाराचे चरित्र जपत असतो.

एक आक्षेप आमच्या कानावर येतो, तो रास्त आहे. माणसे मारण्याची ही साधने, त्यांचा एवढा लळा कशाला? ज्या भूमीने बुद्ध आणि गांधी दिले तिथे बंदुकांचे कौतुक कशासाठी? आम्ही म्हणतो, कौतुक करूच नका. पण न्यायालयात खुनाचे हत्यार पुरावा म्हणून मोहोरबंद ठेवतात, ते कुणी कौतुक म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकात मूठभर राष्ट्रांनी अर्धे जग कोणत्या बळावर ताब्यात ठेवले, त्याचा पुरावा या बंदुका आहेत. पुरावा नाहीसा झाला की नुसती आख्याने उरतात, आणि आख्याने नेहमी जिंकणाऱ्याची असतात. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती असल्या साध्या वस्तू जन्मभर जमवल्या आणि तो संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्या वस्तूंवर तेलाचे, शाईचे, हातांचे डाग आहेत म्हणूनच त्या बोलतात. त्याच न्यायाने बंदुकीवरचा डागही राहू द्यावा.

म्हणून जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. घरात एखादी जुनी बंदूक सापडली तर प्रथम ती भरलेली आहे असे समजावे. गेटिसबर्गच्या त्या २४,००० बंदुका विसरू नका. चाप ओढून पाहू नये, मुलांच्या हाती देऊ नये, जाणकाराकडून तपासून घ्यावी. दुसरे, कायदा पाहावा. दुरुस्त करूनही बार उडणार नाही अशा जुन्या शस्त्रांना १९५९ च्या कायद्याने सवलत दिली आहे, पण आपले शस्त्र त्यात बसते की नाही हे आपण ठरवू नये, अधिकाऱ्यांना विचारावे. शंभर वर्षांवरील पुराणवस्तू परदेशी पाठवण्यास खाजगी व्यक्तीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात असावे. तिसरे, घासू नये. मऊ फडक्याने धूळ पुसावी, लोखंडाला तेलाचा हलका हात द्यावा, तेवढे पुरे. आणि चौथे, सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षिलेले. ती वस्तू घरात कुठून आली, कुणी आणली, आजीने तिच्याविषयी काय सांगितले, ते एका कागदावर तारीख घालून लिहावे. आजी गेली की तो अर्धा पुरावा तिच्याबरोबर जातो, आणि तो कुठल्याही प्रयोगशाळेत पुन्हा सापडत नाही.

येत्या खंडेनवमीला शस्त्र पाटावर जरूर मांडा. हळदकुंकू वाहा, फूल ठेवा. चिंच मात्र आमटीत घाला. गंजाच्या त्या काळसर थराखाली कुणा अनाम माणसाच्या हाताची झीज आहे, आणि ती आपल्यापर्यंत पोचायला दीडशे वर्षे लागली आहेत. आपल्या एका दुपारच्या हौसेसाठी ती पुसू नये, एवढीच आमची विनंती.